बिनगाठीचा वाल

मी माझ्या चुलतदिरांवर सूड उगवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना ‘अगंबाई, आता ही त्यांना माफ करते की काय’ अशी धाकधूक तुम्हाला लागायला नको. माफ केलं नाही. अजूनही करत नाही. आणि या कामात माझे साथीदार इतके बारीक होते, की काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्याशिवाय ते दिसतही नाहीत.

मी देवरूखला शाळेत विज्ञान शिकवते. आठवडाभर तिथे आणि शनिवारी दुपारच्या एसटीने खाली नदीकाठच्या आमच्या वाडीत. माझं माहेर म्हणजे पोफळी गावातली सरकारी कॉलनी. वडील वीजघरात नोकरीला होते. आमची शेती काय ती क्वार्टरच्या मागे चार अळवाची पानं, तीही सरकारच्या जमिनीत. लग्न होऊन वाडीत आले तेव्हा भात लावायला कुठल्या पायाने चिखलात उतरायचं हेही मला ठाऊक नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माझं नावच ‘कॉलनीतली’ पडलं. ‘कॉलनीतली आली का गो शनिवारची?’ असं मला ऐकू येईल इतक्या हळू बोलायचं, ही त्यांची कला होती.

त्यातून मला सोडवलं ते डाळिंब्यांनी.

आमच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी येते आणि सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, बसते. त्या दिवशी सगळी वाडी एका पंक्तीला जेवते आणि त्या जेवणात प्रत्येक घराचा एकेक मान असतो. एका घरचे तांदूळ, एका घरचे नारळ, एका घराने नुसत्या पत्रावळी आणायच्या. आमच्या कोपऱ्यावरच्या घरचा मान डाळिंब्यांच्या उसळीचा. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. अट एकच, वाल वाडीच्या मळ्यातले हवेत. बाजारचे देवाला चालत नाहीत. सासूबाई थकल्या तेव्हा त्यांनी हा मान माझ्याकडे दिला. पहिल्या वर्षी पंक्तीतून कुणीतरी ओरडून विचारलं, “डाळिंब्या कुणाच्या रे?” आणि दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं, “कोपऱ्यावरच्या वयनीच्या!” त्या क्षणी कॉलनीतली संपली. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला त्या दिवशी मुख्याध्यापक केलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

आता खलनायकाला रंगमंचावर आणते.

आमचे चुलतदीर जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. उभा जन्म समुद्राच्या आवाजावर आवाज चढवण्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. ‘चहा द्या’ म्हणाले तरी नांगर टाकायचा हुकूम दिल्यासारखं वाटतं. निवृत्त होऊन ते वाडीत आले आणि त्यांनी वाडी ताब्यात घेतली. वाडीला आजवर कप्तान नव्हता हे त्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. त्यांचा मळा आमच्या मळ्याला लागून, मध्ये फक्त एक बांध. भात निघालं की त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर, सगळी वाडी वाल टाकते. ते पण टाकतात, आम्ही पण टाकतो.

थंडीतला एक रविवार होता. वाल फुलावर आले होते. दरवर्षी मी एक वेल मुळासकट हलक्या हाताने उपटून, ओल्या कागदात गुंडाळून वर्गात नेते. मुलांना त्याच्या मुळांवरच्या गाठी दाखवायच्या असतात. त्याही दिवशी वेल उपटला आणि माती झटकत होते, तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

“वयनी! ता मुळाला काय हाय?”

“गाठी आहेत, भाऊजी. त्यांच्यात ना...”

“गाठी? बगू!” वेल माझ्या हातातून गेलासुद्धा. “अहो, ह्याला सगळे फोड आलेत! हा रोग हाय!”

“रोग नव्हे हो. त्यात जिवाणू असतात, ते हवेतला...”

“जिवाणू!” भाऊजींनी वेल डोक्यावर धरला आणि वाडीकडे तोंड केलं. “आयका रे! वयनी स्वतःच्या तोंडान सांगतायत, ह्यांच्या वालात जिवाणू हायत!”

साथीची वर्षं संपून फार दिवस झाले नव्हते. जिवाणू, विषाणू असलं काही कानावर पडलं तरी माणसं नाकाला रुमाल लावत होती. बघता बघता बांधावर निम्मी वाडी उभी राहिली. भाऊजी त्यांना जहाजावरची गोष्ट सांगू लागले. कोठारात एक बटाटा सडला, कुणी लक्ष दिलं नाही आणि दुसऱ्या बंदराला पोचेपर्यंत पोतीच्या पोती समुद्रात फेकावी लागली. मग काय, ते बांध ओलांडून आले आणि त्यांनी आमचे वेल उपटायला सुरुवात केली. एक उपटायचे, मुळं बघायचे, ‘हाय!’ म्हणायचे आणि नदीच्या दिशेने भिरकावायचे. फुलावर आलेले वेल! मी “अहो भाऊजी, ऐका तरी” म्हणत त्यांच्या मागे धावत होते. आमचे हे स्वभावाने गरीब. ते नुसते म्हणत होते, “अरे, हळू... हळू.” हळू उपटल्याने काय फरक पडणार होता, मला अजून कळलेलं नाही.

वाडीची बैठक बसली. भाऊजींनी नियम मांडला, ज्याच्या वालाच्या मुळाला गाठी, त्याचे वाल पालखीच्या जेवणात घालायचे नाहीत. मी समजवायला उभी राहिले.

“वयनी, शाळा शाळेत,” भाऊजी म्हणाले. लोक हसले. नियम पास झाला.

त्या शिमग्याला डाळिंब्या भाऊजींच्या घरून आल्या. त्यांच्या वालाची मुळं कुणी पाहिली नव्हती. आम्ही शेंगा तोडतो, वेल वाळल्यावर काढतो आणि तोपर्यंत गाठी सुकून गळून गेलेल्या असतात, म्हणून मुळांकडे कधी कुणाचं लक्षच जात नाही. मी पंक्तीत बसून त्या डाळिंब्या खाल्ल्या. “डाळिंब्या कुणाच्या रे?” कुणीतरी ओरडलं. “सारंगांच्या!” माझ्या मागून दोन बायका गेल्या. एक दुसरीला म्हणाली, “कॉलनीतलीचं तोंड बघ.”

घास गिळला. त्याच वेळी ठरवलं.

आता तुम्हाला माझ्या साथीदारांची ओळख करून देते. भाऊजींनी जे ऐकून घेतलं नाही ते तुम्ही घ्या.

आपण श्वास घेतो त्या हवेत सर्वांत जास्त असतो तो नत्र. पिकाला वाढायला नत्रच हवा असतो. म्हणजे वेल नत्रात बुडालेला आणि तरीही उपाशी. कारण हवेतल्या नत्राचे अणू दोन-दोनच्या जोडीने एकमेकांना असे घट्ट धरून असतात, की कुठल्याही झाडाला ती मिठी सोडवता येत नाही. कारखान्यात ती सोडवायला प्रचंड उष्णता आणि दाब लागतो, तेव्हा कुठे युरिया तयार होतो. पण मातीत काही जिवाणू आहेत, ते हे काम चुलीशिवाय, धुराशिवाय, आवाज न करता करतात. वालाचं मूळ मातीत एक प्रकारचा सांगावा सोडतं. जिवाणू येतात, मुळाच्या केसात शिरतात आणि मूळ त्यांच्यासाठी खोल्या बांधतं. त्याच त्या गाठी. वेल त्यांना साखर पुरवतो. ते हवेतला नत्र फोडून त्याचा अमोनिया करतात आणि तो वेलाला देतात. जिवंत गाठ नखाने फोडली तर आत लालसर दिसते. तो रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जवळच्याच एका पदार्थाचा. जिवाणूंचं यंत्र प्राणवायूने बिघडतं, म्हणून तो पदार्थ प्राणवायूला हाताशी धरून ठेवतो, लागेल तेवढाच सोडतो. आणि पीक निघाल्यावर मुळं, पाला जमिनीत कुजतात, त्यातलं थोडं पुढच्या भातालाही मिळतं.

मला हे जिवाणू पूर्वीपासून आवडायचे, पण त्या वर्षी मी त्यांची शिष्य झाले. हवेत तरंगणारा टोमणा कुणाच्याच कामाचा नसतो. तो खाली न्यावा लागतो, अंधारात, आणि शांतपणे त्याचं काहीतरी उपयोगी करावं लागतं. मी वर्षभर भाऊजींशी गोड बोलले. वाढदिवसाला त्यांना खापरोळ्या करून पाठवल्या.

दिवाळीच्या सुट्टीत ते स्वतःच आले. माजघरापर्यंत आले आणि चक्क कुजबुजले. त्यांची कुजबुज गोठ्यापर्यंत ऐकू जाते ती गोष्ट वेगळी.

“वयनी, कुणाला बोलू नका. पावसात परसात चवळी लावली होती. ती उपटली तर मुळाला गाठी! तुमच्याकडनं आला वाटतं रोग बांधावरनं. आता वाल पेरायचा हाय. गाठी येऊ नयेत म्हणून काय करायचं? तुम्ही सायन्सवाल्या.”

इतकी आयती संधी! मी हातातला चहाचा कप बशीत ठेवला. तरी प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली. “भाऊजी, मुळात गाठी वाईट नसतात. त्या...”

“ता सोडा! उपाय बोला.”

दोनदा तोडलं होतं मला त्यांनी. एकदा बांधावर, एकदा बैठकीत. ही तिसरी वेळ. मी पदर सारखा केला.

“युरिया टाका,” मी म्हणाले. “भरपूर टाका, आणि परत परत टाका. मग गाठी धरत नाहीत.”

यातला एकही शब्द खोटा नाही. हे तुम्ही कुठल्याही शेतीच्या जाणकाराला विचारा. झाडाला आयता नत्र मिळाला की ते जिवाणूंना दारात उभं करत नाही. ज्याला घरपोच डबा येतो तो कशाला स्वयंपाकीण ठेवील? फक्त या वाक्याला एक शेपूट होतं. फार नत्र मिळालेला वाल नुसता पाल्यावर जातो, फुला-शेंगांचं विसरून जातो. ते शेपूट मी चहाबरोबर गिळलं. त्यांना ‘ता सोडा’ हवं होतं, मी सोडलं.

त्यांनी युरिया असा टाकला, की बांधावरून जाताना मला वास यायचा. नदीवर पंप होता, पाणीही पाजलं. थंडी पडली आणि त्यांचा वाल असा माजला की काय सांगू! हिरवा म्हणजे काळपट हिरवा. पान तर असं, की त्यावर भात वाढावा. येणारा-जाणारा थांबून बघायचा. आमचा वाल बेताचा, मधून मधून पिवळसरही. भाऊजी बांधावर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि माझ्या वेलांकडे दयेने पाहायचे.

फुलं यायच्या सुमाराला वाडीची बैठक झाली. या वेळी मी उभी राहिले ती पदर खोचून.

“नियम आहे तर तपासणी हवी,” मी म्हणाले. “गेल्या वर्षी फक्त आमच्या घरची मुळं पाहिली. यंदा सगळ्यांची पाहू.”

“एकदम बराबर!” भाऊजी गरजले. “वयनी, आज तुम्ही शहाण्यासारखं बोललात!”

वरात निघाली. पुढे भाऊजी, मागे वाडी. प्रत्येक मळ्यात एक वेल उपटायचा आणि मुळं सगळ्यांना दाखवायची. पहिल्या घरच्या वालाला गाठी. दुसऱ्याला गाठी. तिसऱ्या घरची बाई “आमच्याकडे नाय हो असलं काय” म्हणत होती, तिच्याच वेलाला दाट माळ. वाडीप्रमुख म्हणजे देवमाणूस, म्हातारे, शांत. त्यांच्या वालाला द्राक्षाच्या घडासारख्या गाठी लटकत होत्या. ते नुसते “अरेरे” म्हणाले आणि खाली बसले. जे गेल्या वर्षी मला हसले होते ते एकेक करून माझ्या ओळीत येऊन उभे राहिले. मला इतकं बरं वाटत होतं की मी सगळ्यांचं सांत्वन करत हिंडत होते.

शेवटी भाऊजींचा मळा. त्यांनी वेल उपटला, झटकला आणि वर धरला. मुळं पांढरी, स्वच्छ, नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखी. एक गाठ नाही.

“ह्याला म्हणतात शिस्त!” त्यांचा आवाज नदीपलीकडे गेला.

टाळी पहिली मी वाजवली. “मग ठरलं,” मी म्हणाले. “यंदा गाठी नसलेला वाल वाडीत एकच. डाळिंब्या भाऊजींच्या घरच्या.” आमचे हे माझ्याकडे काळजीने बघत म्हणाले, “तुला बरं नाही का गं?”

मला इतकं बरं कधीच नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी दर शनिवारी बॅग टाकून आधी बांधावर जायचे. आमच्या वेलांना शेंगा धरल्या, भरल्या, वाळू लागल्या. भाऊजींचा वाल अजून वाढतच होता. वेल बांधावर चढले, कुंपणावर चढले. फूल कुठेतरी एखादं. शेंग शोधायला पाला दोन्ही हातांनी बाजूला करावा लागत होता. भाऊजींची बायको, म्हणजे माझी जाऊ, एकदा पाटी घेऊन उभी होती.

“काय गो, तोडणी?” मी विचारलं.

“कसली तोडणी!” ती म्हणाली. “गुरांना पाला नेतेय. ह्यांना बोलले, वाल लावलात की वैरण? तर बोलतात, जहाज उशिरा लागलं तरी बंदराला लागतंच.” मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुमी काय केलंत काय?”

“मी? मी त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं.”

ती अशी हसली, की पाटी खाली ठेवावी लागली. ती इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहिलेली आहे. तिचेही हिशेब असणार.

शिमगा तोंडावर आला. वाल भिजत घालायची वेळ झाली आणि वाडीप्रमुखांनी भाऊजींना विचारलं. भाऊजींनी घरातून जे आणलं ते एका ओंजळीत मावत होतं आणि त्यातलंही निम्मं पोचट. त्याच संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले. चाल जहाजातल्या माणसाची, डुलती, पण वारा पडलेला.

“वयनी, तुमचे वाल द्यायला लागतील.”

“माझ्या वालाला गाठी आहेत, भाऊजी.”

“ता माहीत हाय. पण आता वाडीत दुसरे...”

“सगळ्यांच्याच गाठींचे. नियम तुमचा.”

“नियम बदलू!”

“बदला की. पण वाडीला कारण सांगावं लागेल. गेल्या वर्षी रोग होता, यंदा नाही, असं कसं? कारण ठाऊक आहे तुम्हाला?”

“तुम्ही सांगा.”

“मी सव्वा वर्ष सांगतेय.”

ते आमच्या पायरीवर टेकले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या आणि माझ्यामध्ये शांतता होती आणि ती मी घाईने मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी वाडी आमच्या खळ्यात जमली. न्हाणीच्या पाण्यावर मी एक वालाचा वेल मुद्दाम उशिरा लावून हिरवा राखला होता. नाटकात शेवटच्या प्रवेशाची तयारी पहिल्यापासून करावी लागते. भाऊजींना तो उपटायला लावला. मग मी म्हणाले, “मी सांगेन तसं म्हणा. मोठ्याने. मध्ये बोलायचं नाही.”

“ह्या गाठी रोग नाहीत,” मी म्हणाले.

“ह्या गाठी रोग नायत,” भाऊजी म्हणाले.

“मागच्यांना ऐकू आलं नाही.”

“ह्या गाठी रोग नायत!”

“यांच्यातले जिवाणू हवेतला नत्र वालाला देतात.”

“ह्यांच्यातले जिवाणू... हवेतला नत्र... वालाला देतात.”

“माझ्या वालाने युरिया खाल्ला आणि जिवाणूंना घरात घेतलं नाही.”

तेही म्हणाले. पोरासोरांनी त्यांच्यामागे ताल धरून म्हटलं. मग मी त्यांना एक गाठ नखाने फोडायला लावली. आतला लालसर रंग वाडीप्रमुखांनी चष्मा वर-खाली करून पाहिला. “रक्तावाणी हाय गो,” ते हळूच म्हणाले, आणि त्या वेलाला त्यांनी चक्क हात जोडले. नियम मोडीत निघाला. डाळिंब्यांचा मान आमच्या घरी परत आला.

इथे चांगल्या बाईने थांबायला हवं होतं. मी म्हणाले, “एक विनंती आहे. भाऊजींनी वाडीसाठी एवढी धडपड केली. त्यांचं घर मानाशिवाय राहू नये. डाळिंब्या आमच्या, पण त्या सोलण्याचा मान त्यांना द्यावा.”

भाऊजींच्या लक्षात येईपर्यंत वाडीप्रमुखांनी मान डोलावली होती. “देवाच्या नावान दिला,” ते म्हणाले. आमच्याकडे मान एकदा देवाच्या नावाने दिला, की परत घेता येत नाही आणि नाकारता तर मुळीच येत नाही.

तेव्हापासून दर शिमग्याला आमच्या पडवीत बायका गोल करून बसतात आणि मधोमध सारंग. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढायचा, चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि दाणा सुळकन बाहेर येतो. येतो म्हणजे बायकांच्या हातातून. भाऊजींच्या हातातून तो तुळशीपर्यंत जातो. दोर ओढून राठ झालेली ती बोटं. “अहो, दाणा मोडलात!” त्यांची बायको खेकसते. “तुमच्या जहाजावर चालत असेल, इथे देवाचं हाय.” दुपारपर्यंत त्यांच्या बोटांना सुरकुत्या पडतात, नखं दुखतात. यंदा म्हणाले, “वयनी, पुढल्या वर्षी जमेलसं वाटत नाय. पाठ धरते.”

“सोडायचा असेल तर देवाला कौल लावावा लागेल,” मी म्हणाले. “नाहीतर तुमच्यामागे मान तुमच्या मुलाकडे जाईल.”

त्यांनी पुढचा वाल उचलला.

पंक्ती बसतात. उसळ वाढली जाते. दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ओरडतं, “डाळिंब्या कुणाच्या रे?”

“कोपऱ्यावरच्या वयनीच्या!”

मी थोडं थांबते. पहिला घास नीट चावून खाते. मग माझाच आवाज चढवून विचारते, “आणि सोलल्या कुणी?”